देह, दृष्टी आणि आपली मुले

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकदा मी व्हॅटिकनमधील सिस्टाईन चॅपेलच्या चित्रांचे पुस्तक मुलांना दाखवीत होतो. 'आदामची निर्मिती' हे चित्र आले आणि मागच्या बाकांवरून दबके हसू ऐकू आले. एका मुलाने सरळ विचारले, "फादर, देवळात असली चित्रं कशी चालतात? मोबाईलवर असलं काही दिसलं तर आई मारते." मी घाईघाईने पान उलटले. त्या दिवशी आदामविषयी काही शिकविता आले नाही. परंतु देह ही केवळ लपविण्याची आणि कुजबुजण्याची गोष्ट आहे, हा धडा मात्र मी नकळत देऊन बसलो.

त्या मुलाचा प्रश्न रास्त होता आणि तो नवाही नाही. सोळाव्या शतकात खुद्द रोममध्ये तो विचारला गेला. चॅपेलच्या छतावरील चित्रे १५१२ साली पूर्ण झाली होती. त्यानंतर १५४१ साली वेदीमागील भिंतीवरचे 'अंतिम न्याय' हे मायकेल अँजेलोचे विशाल भित्तिचित्र लोकांपुढे आले. त्यातील बहुतेक देह विवस्त्र होते. थडग्यातून उठणारा माणूस देवापुढे हुद्दा आणि श्रीमंती पांघरून उभा राहत नाही, जसा निर्मिला गेला तसा उभा राहतो, हा त्या चित्राचा अर्थ मला वाटतो. परंतु पोपमहोदयांच्या समारंभप्रमुखाला, बियाजो दा चेझेना याला, ते स्नानगृहात नि गुत्त्यात शोभणारे वाटले, असे चरित्रकार वाझारी सांगतो.

या वादातील आणखी एक टीकाकार आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. पिएत्रो अरेतिनो या नामांकित लेखकाने १५४५ साली मायकेल अँजेलोला पत्र लिहून या नग्नतेबद्दल कठोर दोष दिला. गंमत अशी, की याच अरेतिनोने पूर्वी मार्कान्तोनियो रायमोंदीच्या कामुक छापील चित्रमालिकेसाठी अश्लील सुनीते रचली होती. त्या चित्रांपायी पोप क्लेमेंट सातवे यांनी १५२४ च्या सुमारास रायमोंदीला तुरुंगात टाकले आणि प्रती नष्ट करविल्या. 'अंतिम न्याया'चे काम मायकेल अँजेलोकडे प्रथम सोपविणारे पोपही हेच क्लेमेंट! छतावरील विवस्त्र आकृती त्यांच्या डोळ्यांसमोर होत्याच.

येथे आपल्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. छपाई हे त्या काळचे नवे माध्यम होते. ती चित्रे चोरून, एकट्याने पाहण्याजोगी होती, आणि त्यांत देहाला उपभोगापलीकडे अर्थ नव्हता. भिंतीवरचे चित्र प्रार्थनेला जमलेल्यांनी मिळून पाहायचे होते, आणि त्यातील प्रत्येक देह आशेने किंवा भयाने ख्रिस्ताशी जोडलेला होता. दोन्हीकडे वस्त्र सारखेच कमी होते. माणसाकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती.

ख्रिस्तसभेला हा भेद नेहमीच धीराने सांभाळता आला, असे मात्र म्हणता येणार नाही. त्रेंत धर्मपरिषदेने १५६३ साली पवित्र चित्रांविषयी मर्यादा घालून दिली. १५६४ च्या जानेवारीत ही नग्नता झाकण्याचा निर्णय झाला. फेब्रुवारीत मायकेल अँजेलो निवर्तला. पुढच्या वर्षी त्याचाच चाहता दानिएले दा व्होल्तेर्रा याने त्या देहांवर वस्त्रे रंगविली आणि 'विजारवाला' हे टोपणनाव कायमचे पदरात घेतले. त्याला हसणे सोपे आहे. पण वर्गात घाईने पान उलटणारा मी तरी वेगळे काय करीत होतो? पुढे १९९० ते १९९४ या काळात चित्राची स्वच्छता झाली, तेव्हा नंतर चढविलेली काही वस्त्रे काढली गेली. दानिएलेची वस्त्रे मात्र इतिहासाचा भाग म्हणून राखली गेली. ८ एप्रिल १९९४ रोजी तेथे मिस्सा अर्पण करताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी या चॅपेलला मानवी देहाच्या ईशज्ञानाचे पवित्रस्थान म्हटले.

याच पोपमहोदयांनी १९८१ च्या वसंतात आपल्या बुधवारच्या प्रवचनांतून हा भेद उलगडला होता. चित्रकार व शिल्पकार देहाला आपल्या दृष्टीतून नवे रूप देतात. छायाचित्रात व चित्रपटात जिवंत व्यक्तीचाच देह समोर येतो. म्हणून तेथे धोका मोठा असतो: देह व्यक्तीपासून तुटतो आणि निनावी वस्तू होऊन हातोहात फिरतो. त्यांनी कॅमेऱ्याला सरसकट दोष दिला नाही, हेही ध्यानात घ्यावे. तैलरंग आणि सोनेरी चौकट यांनी वासना पवित्र होत नाही, तसे छायाचित्र केवळ छायाचित्र म्हणून अपवित्र ठरत नाही.

तर मग मुलांना सांगावे काय? प्रथम, पान उलटू नये. चित्र त्यांच्या वयाला साजेसे आहे ना, हे आपण आधी पाहावे, आणि मग त्यांच्यासोबत बसून विचारावे: हा माणूस कोण? तो काय करतो आहे? चित्रकाराला त्याच्याविषयी आदर आहे का? पडद्यावरच्या चित्राविषयीही हेच प्रश्न विचारावेत आणि आणखी एक जोडावा: या व्यक्तीलाही नाव आहे, आईबाप आहेत; ते पुसून टाकून पैसा कोण मिळवतो? आणि सर्वांत महत्त्वाचे: "असे चित्र तुला कोणी दाखविले, किंवा तुझे चित्र कोणी मागितले, तर आधी आमच्याकडे ये, आम्ही रागावणार नाही," हे वचन द्यावे आणि पाळावे. मार मिळेल या भीतीने गप्प बसलेले मूल त्या माणसाच्या हाती एकटे सापडते.

मर्यादा सोडा, असे मी म्हणत नाही. आदाम आणि एवा यांना बागेबाहेर पाठविण्यापूर्वी परमेश्वराने स्वतः त्यांच्यासाठी वस्त्रे केली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. त्या वस्त्रांत तिरस्कार नव्हता, काळजी होती. आपल्या घरची मर्यादाही तशीच असावी.

पुढच्या रविवारी मी ते पान पुन्हा उघडले. हसू याही वेळी आले, पण थोडे. "काय दिसते?" असे मी विचारले. प्रश्न विचारणारा तोच मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "फादर, बोटं अजून टेकलेली नाहीत." मग आम्ही त्या बोटांमधील अंतराविषयी पुष्कळ वेळ बोललो.