काच, छायाचित्र आणि रुग्णदेह : ‘स्वास्थ्या’च्या कलेविषयी

कलेने माणूस बरा होतो काय, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. अ‍ॅरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या व्याख्येत योजलेली ‘कॅथार्सिस’ ही संज्ञा धार्मिक शुद्धी आणि वैद्यकीय शोधन या दोन अर्थांच्या सीमेवर उभी आहे. याकोब बर्नेस याने १८५७ मध्ये तिच्या वैद्यकीय अर्थाचा आग्रहपूर्वक पुरस्कार केला. मराठी समीक्षेने तिच्यासाठी रूढ केलेला ‘विरेचन’ हा शब्दही आयुर्वेदाच्या पंचकर्मांतलाच आहे. असे असूनही या साऱ्या चर्चेत शरीर हे बहुधा रूपकापुरतेच आले. शोधन व्हायचे ते भावनांचे. प्रेक्षकाचा प्रत्यक्ष देह, त्याची व्याधी, त्याचे स्राव नाट्यगृहाच्या बाहेरच राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पाश्चात्त्य दृश्यकलेत जो एक प्रवाह बळावला, त्याने ही व्यवस्था उलटविली. कर्करोग आणि एड्स यांच्या छायेत काम करणाऱ्या काही कलावंतांनी रुग्णदेह हाच कलाविषय केला आणि त्यासाठी काच व छायाचित्र ही दोन माध्यमे पुन्हा पुन्हा वापरली. या कलेचे वर्णन ‘रोगनिवारक’, ‘उपचारात्मक’ अशा विशेषणांनी सर्रास केले जाते. हे वर्णन कितपत टिकते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी ‘रोगमुक्ती’ आणि ‘स्वास्थ्य’ यांत भेद करणे आवश्यक आहे. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला. रोगमुक्ती ही शरीराची अवस्था असू शकेल. स्वास्थ्य हे स्वतःच्या शरीराशी असलेले नाते होय. या कलेतील श्रेष्ठ कृती रोगमुक्तीचे आश्वासन देत नाहीत. दुसऱ्याच्या दृष्टीखाली परका झालेला देह त्याच्या धन्याच्या ठायी परत आणण्याचा त्या प्रयत्न करतात.

काच आणि छायाचित्र यांचीच निवड का व्हावी, हे समजण्यासाठी दोहोंच्या सामाईक इतिहासाकडे वळावे लागते. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये कलोडियनची प्रक्रिया प्रसिद्ध केल्यानंतर छायाचित्राची मूळ प्रत दीर्घकाळ काचेवरच उमटत राहिली. दुसरीकडे आधुनिक वैद्यकाची दृष्टीही काचेतूनच घडली : सूक्ष्मदर्शकाचे भिंग, त्याखालची काचपट्टी, तापमापक, नमुन्याची बरणी. रोंटगेनने १८९५ च्या डिसेंबरात पत्नीच्या हाताची क्ष-किरणप्रतिमा घेतली, तेव्हा या दोन परंपरा एकत्र आल्या. कातडी आड आली नाही. बोटातली अंगठी तेवढी हाडाभोवती काळी राहिली. मिशेल फूको याने १९६३ च्या आपल्या ग्रंथात ज्या चिकित्सकीय दृष्टीचे विश्लेषण केले, तिचे स्वप्न हेच होते. देह पारदर्शक व्हावा आणि रुग्णाच्या कथनाखेरीजही रोग वाचता यावा, हे ते स्वप्न.

या इतिहासातील एक प्रसंग येथे विशेष अर्थपूर्ण ठरतो. इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात स्त्रीविभागाचा प्रमुख असलेल्या ह्यू वेल्च डायमंड याने १८५० च्या दशकात रुग्णस्त्रियांची छायाचित्रे घेतली आणि १८५६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांविषयी निबंध वाचला. रोगनिदानासाठी ही चित्रे उपयुक्त आहेत, एवढेच त्याचे म्हणणे नव्हते. रुग्णाला त्याचेच चित्र दाखविल्यास उपचारास मदत होते, असेही त्याचे प्रतिपादन होते. छायाचित्राने बरे करण्याची कल्पना अशी कलेच्या क्षेत्रात नव्हे, तर रुग्णालयात जन्मली. मात्र तेथे कॅमेरा, काच आणि चित्राचा अर्थ ही तिन्ही डॉक्टरच्याच हाती होती. रुग्णस्त्रीकडे उरले होते ते केवळ बसणे.

जो स्पेन्स (१९३४–१९९२) या ब्रिटिश छायाचित्रकर्तीचे काम या बसण्याला दिलेले उत्तर म्हणून वाचता येते. तिने उमेदवारीची वर्षे लग्नाची आणि व्यक्तिचित्रांची छायाचित्रे काढण्याच्या व्यवसायात घालविली होती. देहाला कोणत्या ठरावीक पवित्र्यात बसविले की तो ‘सुखी’ दिसतो, हे तिला धंद्यातून ठाऊक होते. १९८२ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेपूर्वी तिने आपल्या स्तनावर तो जो स्पेन्सची मालमत्ता आहे काय, अशा आशयाचे शब्द लिहून छायाचित्र काढविले. या चित्रातील सर्वांत महत्त्वाची खूण अक्षरांत नाही, तर शेवटच्या प्रश्नचिन्हात आहे. ते नसते तर चित्र केवळ घोषणा ठरले असते. प्रश्नचिन्हामुळे मालकीचा दावा आणि त्याविषयीची शंका एकाच त्वचेवर उभी राहते. शल्यविशारद छेद घेण्यासाठी जेथे खूण करतो, तेथेच रुग्णाने आधी लिहून ठेवले आहे. देहावर लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद त्या कृतीने उघड केला. संपूर्ण स्तन काढून टाकण्यास तिने नकार दिला आणि केवळ गाठ काढण्यास संमती दिली, हे लक्षात घेता हा वाद निव्वळ प्रतीकात्मक नव्हता.

‘द पिक्चर ऑफ हेल्थ?’ (१९८२–८६) या मालिकेच्या नावातही प्रश्नचिन्ह आहे. तीत तिने स्तनाच्या क्ष-किरणतपासणीचा प्रसंगही टिपला. यंत्राच्या पट्ट्यांत दाबलेला स्तन आणि त्यामागे उभी असलेली स्त्री एकाच चौकटीत येतात. तपासणीतून निघणाऱ्या वैद्यकीय प्रतिमेत ही स्त्री कधीच दिसत नाही. पारदर्शक केलेल्या अवयवाला त्याची अपारदर्शक धनीण परत देणे, हे या चित्राचे कार्य होय. १९९० मध्ये टिम शेअर्ड यांच्या सहकार्याने केलेल्या मालिकेच्या शीर्षकात तिने रोगवाचक इंग्रजी शब्द मध्येच तोडून लिहिला. मराठीत ‘अ-स्वास्थ्य’ असे लिहिल्यास त्याचा नेमका भाव येतो. तीतील एका चित्रात रुग्णालयाचा अंगरखा दूर सारलेल्या छातीवर ‘राक्षस’ अशा अर्थाचा शब्द आहे. आठ वर्षांपूर्वीच्या मालकीच्या प्रश्नाची जागा आता समाजाने दिलेल्या नावाने घेतली आहे.

स्पेन्सच्या कामाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रोझी मार्टिन हिच्यासह १९८४ पासून तिने विकसित केलेल्या छायाचित्रोपचारात दोघी आळीपाळीने एकमेकींपुढे बसत आणि आई, शाळकरी मुलगी, रुग्ण अशा भूमिका वठवीत. या प्रक्रियेत बसणारी आणि टिपणारी यांच्यात डायमंडच्या काळी असलेली दरी मिटते, हे मोलाचेच आहे. तथापि तेथे घडणारा लाभ त्या दोघींचा असतो. प्रेक्षकाच्या वाट्याला अनेकदा दुसऱ्या कोणाला बरे वाटल्याचा पुरावाच येतो. पुरावा आणि कलाकृती यांत भेद आहे. मालकीच्या प्रश्नाचे चित्र मात्र ही मर्यादा ओलांडते, कारण त्यातील प्रश्न पाहणाऱ्याच्या देहालाही विचारला जातो.

रक्तकर्करोगाने ग्रासल्यावर केलेले तिचे शेवटचे काम (१९९१–९२) याच कसोटीवर श्रेष्ठ ठरते. नवी चित्रे काढण्याचे बळ उरले नसता तिने आपल्याच संग्रहातील जुन्या पारदर्शिका एकमेकींवर ठेवून नव्या प्रतिमा घडविल्या. ज्या पारदर्शकतेने वैद्यक देहाचा भेद करीत होते, तिच्याच साहाय्याने तिने आपल्या गतदेहावर सांगाडे, मुखवटे आणि निसर्गरूपे यांचे थर चढविले. एकावर एक ठेवलेल्या दोन पारदर्शक गोष्टी परस्परांना अंशतः झाकतात. मृत्यू येथे नाकारलेला नाही. तो अनेक थरांपैकी एक झाला आहे.

स्पेन्सने जे छायाचित्रात साधले, ते किकी स्मिथ या अमेरिकन शिल्पकर्तीने काचेत, आणि अधिक अबोलपणे साधले. तिने १९८५ मध्ये आपत्कालीन वैद्यकीय साहाय्यकाचे प्रशिक्षण घेतले होते. १९८८ मध्ये तिची बहीण एड्सने मरण पावली. १९८७ ते १९९० या काळात घडलेल्या आणि आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेल्या तिच्या एका निःशीर्षक कृतीत काचेच्या बारा मोठ्या बरण्या एका ओळीत मांडल्या आहेत. प्रत्येकीची उंची सुमारे ५२ सेंटिमीटर. प्रत्येकीवर जुन्या जर्मन वळणाच्या अक्षरांत एकेका देहस्रावाचे नाव कोरले आहे : रक्त, अश्रू, पू, मूत्र, रेत, दूध, लाळ, घाम इत्यादी. बरण्या रिकाम्या आहेत. पण हे पाहून कळत नाही, कारण काचेला आरशासारखा रुपेरी लेप दिलेला आहे.

या लेपातच कृतीचा सारा अर्थ साठला आहे. नमुन्याची बरणी आतले दिसावे म्हणूनच काचेची असते. स्मिथने काच ठेवली आणि तिची पारदर्शकता काढून घेतली. आत काय आहे हे पाहण्यासाठी जो पुढे वाकतो, त्याला ‘पू’ या अक्षरांमागे स्वतःचा चेहरा दिसतो. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर बीभत्साचा विभाव येथे पूर्णतः अनुपस्थित आहे. जुगुप्सा जागवील असा एकही थेंब नाही. उरते केवळ नाव आणि पाहणारा. १९८० च्या दशकात एड्सच्या भयाने देहस्रावांची ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ अशी फाळणी केली होती. ही कृती त्या फाळणीला साधारणीकरणाने उत्तर देते : हे द्रव कोणाएकाचे नाहीत, म्हणूनच प्रत्येकाचे आहेत. सुसान सोंटॅग हिने १९७८ आणि १९८९ च्या आपल्या पुस्तकांत रोगाला रूपकांपासून मुक्त करावे, असा आग्रह धरला. स्मिथच्या बरण्या त्या आग्रहाच्या जवळ जातात, कारण त्या रोगाचे नावही घेत नाहीत. रुपेरी देखणेपणात हे भय विरून जाण्याचा धोका नाकारता येत नाही. परंतु प्रेक्षक आरशात अडकतो तो क्षण या देखणेपणाशिवाय घडला नसता.

येथे एक तात्त्विक आक्षेप संभवतो. स्वास्थ्य हे कलाबाह्य मूल्य होय. ते मूल्यमापनाचा निकष झाल्यास कला औषधाची दासी ठरेल. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांशी कलामूल्य बांधले, त्यामागे अशाच गल्लतीची धास्ती होती. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद या दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिचा येथे उपयोग होतो. उपरोक्त कृतींत स्वास्थ्य हा बाहेरून जोडलेला परिणाम नसून तो घाटातच वसलेला आहे. प्रश्नचिन्ह पुसा, लेप खरवडा, पारदर्शिका वेगळ्या करा, म्हणजे घाटाबरोबर स्वास्थ्यही नाहीसे होते. जेथे असे होत नाही, तेथे आक्षेप खरा मानावा आणि त्या कृतीला उपचाराच्या दालनात सन्मानाने ठेवावे.

‘स्व’ म्हणजे केवळ एक व्यक्ती काय, हा प्रश्न उरतो. त्याचा विस्तार मुंबईत झाला. रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांच्या कलेला १९९२ च्या डिसेंबरातील बाबरी मशिदीचा विध्वंस आणि त्यानंतरच्या दंगलींनी निर्णायक वळण दिले. फुटलेली मातीची मडकी आणि आरसे त्यांच्या मांडणशिल्पांत आले. पुढे स्वतः कर्करोगाशी झुंजत असता त्यांनी ‘अ स्पेस फॉर हीलिंग’ (१९९९) ही कृती घडविली. ब्रिस्बेन येथील आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात ती त्याच वर्षी मांडली गेली. रुग्णालयाची खोली आणि प्रार्थनास्थळ यांची आठवण ती एकाच वेळी देते. दुभंगलेला समाज आणि व्याधिग्रस्त देह यांपैकी कोण कोणाचे रूपक, हे तेथे ठरविता येत नाही, आणि ते ठरू न देणे हेच त्या कृतीचे बळ आहे.

स्पेन्स आणि हुसेन दोघींनाही रोगाने नेले. कलेने रोगमुक्ती होते, असे म्हणणाऱ्यांनी या मृत्यूंपुढे क्षणभर थांबावे. या कृतींनी आयुष्य वाढविले नाही; पण उरलेले आयुष्य परक्याच्या काचेखाली काढावे लागू नये, एवढी जागा निर्माण केली. विरेचन या जुन्या संज्ञेत काहीतरी बाहेर टाकून मोकळे होण्याची कल्पना आहे. येथे काहीच बाहेर टाकले जात नाही. जे बरणीत भरून दूर ठेवले होते, ते पाहणाऱ्याच्या चेहऱ्यासह परत येते, आणि त्याला आपले म्हणण्याची पाळी पाहणाऱ्यावर येते.