लाभार्थी आणि हक्कदार : नांदेड-लातूरच्या संदर्भात हवामान-धोरणाच्या परिभाषेची चिकित्सा

शासकीय धोरण जसे निर्णयांचे बनलेले असते, तसेच ते शब्दांचेही बनलेले असते. एखादा शब्द कोणास कर्ता ठरवितो, कोणास याचक ठरवितो आणि कोणास वगळतो, हे पाहिल्यावाचून त्या धोरणातील न्यायदृष्टीची परीक्षा पूर्ण होत नाही. हवामानबदलाविषयीच्या चर्चेत ‘मानवी हक्क’ आणि ‘हवामान-न्याय’ हे शब्द आता रुळले आहेत. परंतु जागतिक करारातून राज्याच्या आराखड्यात, आणि आराखड्यातून गावच्या यादीत उतरताना त्यांचे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांचा अलीकडचा अनुभव तो विचारण्यास पुरेसा आधार देतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास पाणी पुरविणाऱ्या धनेगाव येथील मांजरा धरणातील उपयुक्त साठा संपलेला होता. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या व टँकर भरण्याची ठिकाणे यांच्या परिसरात तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. रेल्वेची ही मदत तत्पर होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या घटनेत तहानलेला नागरिक हा सुव्यवस्थेचा प्रश्न ठरला, दुसऱ्या घटनेत तो औदार्याचा विषय ठरला. हक्काचा धनी तो दोहोंतही नव्हता. वास्तविक पाणी हा मानवी हक्क होय, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजीच मान्य केले होते. शिवाय पाऊस कमी पडला एवढेच म्हणून भागत नाही. ज्या खोऱ्यात उसाची लागवड व साखर कारखाने वाढत गेले, त्या खोऱ्यातील टंचाई ही निसर्गाइतकीच वाटपाची निर्मिती आहे. पाऊस कोणाच्या आज्ञेने पडत नाही. पण पडलेले पाणी कोणाकडे जावे, हे माणसेच ठरवितात.

जागतिक पातळीवरील शब्दयोजनाही अशीच तपासून पाहावी लागते. १९९२ च्या हवामानविषयक करारसंहितेने सामायिक परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले. ज्यांनी वातावरणात अधिक धूर सोडला व ज्यांची ऐपत अधिक, त्यांनी भार अधिक उचलावा, असा त्याचा आशय. २०१५ च्या पॅरिस करारात मानवी हक्कांचा उल्लेख आला, पण तो प्रास्ताविकात. बंधनकारक कलमांत त्यास स्थान मिळाले नाही. हवामान-न्यायाची कल्पना तर ‘काहींच्या दृष्टीने’ महत्त्वाची, अशा सावध शब्दांत नोंदविली गेली. हे ‘काही’ कोण, हे करार सांगत नाही. त्यानंतर न्यायसंस्थांनी मात्र एक पाऊल पुढे टाकले आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाविषयीच्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मधून निष्पन्न होतो, असे म्हटले. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात राष्ट्रांच्या हवामानविषयक कर्तव्यांची सांगड मानवी हक्कांच्या कायद्याशी घातली. वरच्या पायरीवर, अशा रीतीने, हक्काची भाषा दृढ होत आहे.

खालच्या पायरीवर चित्र वेगळे दिसते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावे निवडली गेली. त्यांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गावेही होती. हवामानास तोंड देऊ शकणारी शेती हे या प्रकल्पाचे उद्दिष्ट. गावपातळीवरील समिती आणि भूमिहीनांसाठी शेळीपालनासारख्या बाबी यांचा त्यात अंतर्भाव होता, हे त्याचे गुण नमूद केलेच पाहिजेत. परंतु त्याचा मध्यवर्ती शब्द ‘लाभार्थी’ हाच आहे. आधी स्वतः खर्च करावा आणि मग अनुदान खात्यात जमा व्हावे, अशी ही रीत. ज्याच्या गाठीस पहिला खर्च करण्याइतका पैसा नाही, त्याच्यासाठी हे दार उघडे असूनही उंबरठा उंच राहतो.

नुकसानभरपाईच्या निकषांत हा दोष अधिक स्पष्ट होतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरविलेल्या निकषांनुसार पिकाच्या हानीबद्दल कोरडवाहू क्षेत्रास हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असे साहाय्य होते. राज्याने प्रसंगी त्यात भर घातली. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने शेती उद्ध्वस्त झाल्यानंतर ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांची मदत घोषित झाली. पण रक्कम वाढली तरी पिकाच्या भरपाईचा आधार सातबाराच राहिला. बटाईने कसणारा, सोयाबीनच्या काढणीवर ज्याचे वर्ष अवलंबून असते तो मजूर आणि जिचे नाव उताऱ्यावर कधी चढलेच नाही ती शेतकरी स्त्री, यांची हानी या भरपाईच्या हिशेबात बसत नाही. आपत्ती सर्वांवर येते, परंतु तिची नोंद मालकीच्या रकान्यात होते.

नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निर्णयानुसार २.७४ अब्ज घनफूट क्षमतेच्या या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात, आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे लागते. खालच्या राज्याचा हक्क राखणारा हा निर्णय तत्त्वतः न्याय्यच होय. परंतु त्याचा आधार पंचांगासारखी स्थिर तारीख हा आहे. पाऊस लवकर आटोपला, तर दरवाजे बंद करण्याच्या दिवशी गोदावरीत अडविण्याजोगे पाणी फारसे उरत नाही. ऋतुमानच अस्थिर होत असता स्थिर तारखेवर उभारलेला न्याय कितपत टिकेल, हा विचार दोन्ही राज्यांनी करावयाचा आहे. हवामान-न्यायाचा प्रश्न केवळ धनी व निर्धन राष्ट्रांमधील नाही. तो एकाच नदीच्या दोन काठांवरचाही आहे.

हक्काची भाषा ही परक्या सभागृहांतून आलेली आयात वस्तू आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. महाराष्ट्राचा इतिहास त्यास दुजोरा देत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची योजना आकारास आली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्यास काम, आणि पंधरा दिवसांत ते न दिल्यास बेकारी भत्ता, ही त्यातील तरतूद दुष्काळी कामावरील मजुराला याचकाच्या जागेवरून उठवून दावेदाराच्या जागी बसविणारी होती. त्यासाठी लागणाऱ्या पैशाकरिता १९७५ पासून वृत्तिकर बसविण्यात आला. म्हणजे शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या हक्काचा भार उचलला. सामायिक परंतु भिन्न जबाबदारी, असे ज्यास जग १९९२ मध्ये म्हणू लागले, त्याचा हा घरचा पूर्वपाठ होता. या कायद्याच्या अंमलबजावणीत उणिवा होत्याच. पण उणीव दाखविण्याचा अधिकार मजुरास कायद्यानेच दिला होता. लाभार्थ्यास तो नसतो. यादीतून नाव गळाले, तर तो फक्त हळहळू शकतो.

हक्क मान्य केल्याने धरण भरत नाही, हे खरेच. हक्काचे काम निराळे आहे. टंचाईत पहिला घोट कोणाचा, हे आधीच ठरविणे आणि ते न पाळले गेल्यास जाब विचारण्याची जागा दाखविणे, एवढे ते करू शकते. म्हणून हवामान-धोरणाच्या कोणत्याही मसुद्यास तीन प्रश्न लावून पाहावेत. त्यात किमान पाण्याचे व उपजीविकेचे माप लिहिलेले आहे काय? जमिनीच्या उताऱ्यावाचून हानी सिद्ध करता येते काय? आणि वचन मोडल्यास तक्रार कोणाकडे करावयाची, हे सांगितले आहे काय? १९७७ च्या कायद्याने कामाच्या बाबतीत यांसारख्या प्रश्नांची उत्तरे देऊन ठेवली होती. त्यानंतर जवळजवळ चार दशकांनी लातुरात पाण्याची गाडी आली, तेव्हा पाण्याच्या बाबतीत ती उत्तरे तयार नव्हती. या दोन वर्षांमधील अंतर हेच प्रादेशिक हवामान-धोरणाच्या अपुरेपणाचे खरे माप होय.