सोनेरी रेषा आणि वितळणारी नायिका : पालेखच्या लॅकरपेटीवरील ‘स्नेगूरोचका’

प्रास्ताविक

रशियन लोककथा व परीकथा मराठी वाचकाला प्रामुख्याने मॉस्कोच्या ‘प्रगती’ आणि ‘रादुगा’ या प्रकाशनसंस्थांच्या मराठी अनुवादांतून परिचित झाल्या. याच कथांचे तुलनेने अल्पपरिचित असे दुसरे रूप म्हणजे काळ्या लॅकरच्या छोट्या पेट्यांवरील लघुचित्रे. ही चित्रे बहुधा ‘हस्तकला’ या सदरात टाकली जातात आणि त्यांची चर्चा रंगांची झळाळी व कामाचा बारकावा यांपुरती मर्यादित राहते. परंतु कथा सांगणारे चित्र हे त्या कथेचे एक वाचनही असते. पालेख शैलीत ‘स्नेगूरोचका’ या विषयावर रंगवल्या जाणाऱ्या पेट्यांच्या आधारे या वाचनाचे स्वरूप व मर्यादा तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आयकॉनकडून पेटीकडे

रशियाच्या इवानोव्हो प्रांतातील पालेख हे आयकॉन, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील पूज्य धर्मचित्रे, रंगवणाऱ्यांचे गाव होते. 1917 च्या क्रांतीनंतर या चित्रांची मागणी संपली आणि चित्रकारांच्या पिढीजात व्यवसायाचा आधारच गेला. त्यांच्यापैकी इव्हान गोलिकोव्ह यांनी मॉस्कोच्या हस्तकला संग्रहालयात फेदोस्किनो येथील कागदी लगद्याच्या लॅकरपेट्या पाहिल्या आणि त्यांतून नवी दिशा सापडली. 5 डिसेंबर 1924 रोजी सात चित्रकारांनी पालेख येथे प्राचीन चित्रकलेची सहकारी संस्था स्थापन केली. पुढच्याच वर्षी, 1925 मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात पालेखच्या कामाला सुवर्णपदक मिळाले.

या स्थित्यंतरात माध्यमाचा पाया बदलला. चित्रभाषा मात्र टिकून राहिली. पुठ्ठ्याचे थर कणकेच्या खळीने साच्यावर चिकटवून, दाबून, जवसाच्या तेलात भिजवून व भट्टीत वाळवून पेटी तयार होते. तिला बाहेरून काळे व आतून लाल लॅकर दिले जाते. फेदोस्किनोचे चित्रकार तैलरंगांत वास्तवदर्शी चित्रे काढतात. पालेखचे चित्रकार मात्र आयकॉनप्रमाणेच अंड्याच्या बलकात कालवलेले रंग वापरतात. प्रथम पांढऱ्या रंगात आकृत्यांची बैठक, तिच्यावर पारदर्शक रंगांचे थर, शेवटी डिंकात खललेल्या सोन्याच्या वर्खाच्या केसासारख्या रेषा असा क्रम असतो. हे सोने लांडग्याच्या दाताने घोटून चकाकवले जाते.

एका चौकटीतील अनेक क्षण

संतचरित्रात्मक आयकॉनमध्ये मध्यभागी संताची आकृती आणि सभोवती त्याच्या जीवनप्रसंगांच्या लहान चौकटी असतात. पालेखच्या पेटीने ही रचना आत्मसात केली. येथे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, झाडे आणि राजवाडे प्रसंगांना एकमेकांपासून वेगळे करतात व एकच पात्र एका चित्रात अनेकदा दिसू शकते.

पुश्किनच्या ‘रुस्लान आणि ल्युदमीला’ (1820) या काव्याला ही रचना सहज मानवते. लग्नाच्या रात्री पळवली गेलेली वधू, महाकाय मस्तक, लांब दाढीचा चेर्नोमोर, नायकाचा मृत्यू व पुनरुज्जीवन आणि अखेर पुनर्मीलन, असा त्याचा क्रम आहे. संताच्या कसोट्यांच्या जागी प्रियकराच्या कसोट्या येतात. कथेचा शेवट मीलनाचा असल्याने सर्व प्रसंग एकाच वेळी दिसले तरी अर्थाला बाध येत नाही.

‘स्नेगूरोचका’ची गोष्ट निराळी आहे. अलेक्सांद्र ओस्त्रोव्स्की यांचे हे नाटक 1873 चे. त्यावरील रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा ऑपेरा 1882 मध्ये रंगभूमीवर आला. हिम आणि वसंत यांची ही कन्या राजा बेरेंदेय याच्या राज्यात माणसांत राहायला येते. लेल या मेंढपाळाच्या गाण्यांनी ती मोहित होते, पण तिच्या अंतःकरणात प्रेमाची ऊब नाही. अखेर ती आईकडे प्रेम मागते. ते मिळताच ती मिझगीरवर प्रेम करू लागते आणि सूर्यदेव यारीलोच्या पहिल्या किरणाने वितळते. मिझगीर जलाशयात उडी घेतो. राजा मात्र प्रजेला शोक न करता सूर्याचे स्तवन करायला सांगतो. येथे प्रेमाची प्राप्ती आणि नाश या दोन घटना नाहीत. ती एकच घटना आहे.

सोन्याचा उलटलेला अर्थ

पालेखच्या चित्रभाषेची खरी कसोटी येथेच लागते. ही भाषा रेखीव बाह्यरेषेवर उभी आहे, तर वितळणे म्हणजे बाह्यरेषेचाच लोप. शिवाय आयकॉनमध्ये सोने हे दैवी, तारक प्रकाशाचे चिन्ह असते. या कथेत तोच प्रकाश नायिकेचा अंत करतो. तिच्या वस्त्रावर ओढलेली प्रत्येक सोनेरी रेषा म्हणूनच द्व्यर्थी ठरते. ती तिला उजळते आणि तिच्या शेवटाची सूचनाही देते. वारशाने आलेल्या साधनाचा अर्थ असा उलटवण्याची शक्यता ‘रुस्लान’मध्ये क्वचितच उद्भवते. काळ्या पार्श्वभूमीलाही येथे वेगळे मूल्य येते. पांढऱ्या बैठकीवर उमललेली हिमकन्या पुसली गेली, तर मागे तो काळोखच उरणार असतो.

मर्यादा

ही शक्यता प्रत्येक पेटीत साकार होतेच असे नाही. या विषयावर लेलचा पावा ऐकणारी स्नेगूरोचका वारंवार रंगवली जाते. तो प्रसंग गोड आहे, परंतु कथेतील प्रेमाच्या अभावाचा आहे. तेवढाच निवडला आणि सोने झाडे, वस्त्रे, किनार यांवर सारखेच पसरले, की सोन्याचा अर्थ हरपतो व अलंकरण उरते. भेटवस्तूच्या बाजारपेठेला अशी निर्धोक कथा सोयीची असते. तथापि एवढ्यावरून संपूर्ण शैलीला शोभेची कला ठरवणेही अन्यायाचे होईल. दोष चित्रभाषेचा नसून तिच्या सवयीने केलेल्या वापराचा आहे.

समारोप

पालेखच्या चित्रकारांनी धर्मचित्राची रचना लौकिक प्रेमकथेसाठी वापरली, हे सर्वमान्य आहे. परंतु प्रत्येक कथा त्या रचनेला सारखाच प्रतिसाद देत नाही, हे ‘स्नेगूरोचका’च्या निमित्ताने स्पष्ट होते. म्हणूनच अशा पेटीचे मूल्यमापन करताना काम किती बारीक आहे याबरोबरच कोणता प्रसंग मध्यभागी आहे, सोने कोणावर पडले आहे आणि नायिकेचा अंत चित्रात कोठे आहे, हे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. या प्रश्नांना उत्तर देणारी पेटी हस्तकलेच्या सदरात मावत नाही. ती कथेचे स्वतंत्र भाष्य ठरते.