आज नवं काय कळलं?

बातम्यांबद्दल बायकांनी तक्रार केली की घरातले पुरुष हसतात. "तुम्हाला मालिका बघायच्या असतात, म्हणून बातम्या नकोत," म्हणतात. तसं काही नाही. बातम्या आम्हाला हव्याच असतात. शाळा कधी उघडणार, दवाखान्यात खाट मिळेल का, कोल्हापूरहून लेक बेळगावला यायची तर तिला सीमेवर अडवतील का, हे आम्हाला बातम्यांतूनच कळणार असतं. आमची तक्रार आहे ती एकच बातमी सकाळ-दुपार-रात्र दळत बसण्याबद्दल. आणि ती नुसत्या कंटाळ्याची नाही. एकच गोष्ट शंभर वेळा सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी बदलतं. ते काय, हे मला इथं मांडायचं आहे.

उदाहरण सगळ्यांना आठवत असेल असंच घेते. १४ जून २०२० ला अभिनेता सुशांतसिंह राजपूत मुंबईत आपल्या घरी गेला. तरुण, गुणी मुलगा. ऐकून सगळ्यांनाच चटका बसला. पण त्यानंतर चार महिने आपल्या घराघरांत जे चाललं, त्याला शोक म्हणता येत नाही. जुलैअखेर पाटण्यात गुन्हा दाखल झाला, १९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडेच राहील असं सांगितलं, ८ सप्टेंबरला रिया चक्रवर्तीला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि ७ ऑक्टोबरला उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. चार महिन्यांतल्या खऱ्या मोठ्या घडामोडी मोजायला एका हाताची बोटं पुरतात. मग उरलेल्या तासांत काय दाखवलं?

आमच्या सीमाभागातल्या घरांत एक सोय असते. मराठी, कन्नड, हिंदी, तिन्ही भाषांतल्या वाहिन्या येतात आणि कळतातही. एका भाषेचा कंटाळा आला की दुसरीत जायचं. त्या सप्टेंबरात तीही सोय गेली. हिंदीत मुंबईच्या नट्या, मराठीत त्याच. कन्नड लावावं तर तिथं बंगळुरूच्या सिनेमावाल्यांचं अमली पदार्थांचं प्रकरण. मुंबईत रियाला अटक झाली त्याच दिवशी बंगळुरूतही एका नटीला अटक झाली. सासूबाई म्हणाल्या, "बंद कर की गं. काल बघितलेलंच आज दाखवायलेत." चोवीस तासांच्या बातम्यांवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

आता हे असं का होतं, ते बघू. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. जागा संपते, म्हणून संपादकाला निवड करावीच लागते. चोवीस तासांच्या वाहिनीला शेवटचं पान नाही. तेव्हा तिथं जास्त बातम्या मावायला हव्यात. होतं मात्र उलटं. जागा वाढली तशा बातम्या घटल्या. कारण बातमी आणायला खर्च येतो. चिकोडीला किंवा खानापूरला माणूस पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, दिवसभराचा वेळ लागतो. त्याऐवजी मुंबईत एका इमारतीच्या दाराशी गाडी उभी केली की दिवसभराची सोय झाली. आत जाणाऱ्या प्रत्येकापुढं माइक धरायचा. स्टुडिओत आठ-नऊ चौकटींत माणसं बसवायची आणि त्यांना एकमेकांवर ओरडू द्यायचं. सगळ्यांत स्वस्तात होतो तो हा कार्यक्रम.

पण तासाभरात नवं काही घडत नाही, आणि पडदा रिकामा ठेवता येत नाही. तो भरायला एकच माल अखंड मिळतो, तो म्हणजे संशय. संशयाला पुरावा लागत नाही, नुसतं प्रश्नचिन्ह पुरतं. 'तिनं पैसे लाटले का?' 'काळी जादू केली का?' 'अटक कधी?' वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं की वाहिनीवर जबाबदारी येत नाही. बघणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्नचिन्ह टिकत नाही. तिसऱ्या दिवशी ते गळून पडतं आणि वाक्य तेवढं उरतं. दुकानात, जिन्यात, फोनवर बायका-पुरुष ते वाक्य खात्रीनं बोलू लागतात. मघाशी म्हटलं ना, मनात बदलतं ते हे. ऐकीव गोष्टीची माहिती होते आणि माहितीचा निकाल होतो.

आणि तो निकाल कुणावर लागला, तेही बघा. त्या बाईवरचे आरोप जरा शांतपणे आठवून पाहा. तिनं मुलाला नादी लावलं, त्याचा पैसा खाल्ला, त्याला त्याच्या माणसांपासून तोडलं, काहीबाही चारून वश केलं. बायांनो, हे आरोप आपण पहिल्यांदा ऐकले का? आपल्याकडे घरोघरी सुनेवर हेच आरोप होत आलेत. पूर्वी ते स्वयंपाकघरात, दार लोटून, दबक्या आवाजात होत. बोलणाऱ्यालाही थोडी लाज असे. टीव्हीनं तेच उचललं, त्याखाली लाल पट्टी लावली आणि देशाची पहिली बातमी म्हणून चार महिने लावून धरलं. ज्या घरात नवी सून चहा करत होती आणि बाहेरच्या खोलीत हे चालू होतं, तिनं त्यातून काय घेतलं असेल? खटला मुंबईतल्या एका बाईचा होता. ऐकत होत्या सगळ्या घरच्या सुना.

ती रक्कम किती, ते पैसे कुठं गेले, हे तपासयंत्रणांनी शोधायचं होतं, आणि त्या शोधतही होत्या. गुन्हा झाला असेल तर शिक्षा व्हावी, याबद्दल दुमत नाही. बातमीचा पाठपुरावा वाईट असतो असंही माझं म्हणणं नाही. दिल्लीच्या जेसिका लाल खुनात २००६ च्या फेब्रुवारीत आरोपी सुटले. वर्तमानपत्रं आणि वाहिन्यांनी विषय सोडला नाही, आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयानं मुख्य आरोपीला दोषी ठरवलं. तोही एकाच बातमीचा धोशा होता. पण तिथं पुरावा न्यायालयासमोर आलेला होता, साक्षीदार का फिरले हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारायला कुणी तयार नव्हतं. इथं पुरावा यायच्या आधीच निवाडा झाला. पाठपुरावा आणि पाठलाग यांतला फरक तो हा.

या दळणाखाली काय चिरडलं गेलं, तेही लिहून ठेवायला हवं. त्याच दिवसांत देशात रोज नव्वद हजारांवर नवे कोरोनाग्रस्त सापडत होते. ३१ ऑगस्टला सरकारी आकडा आला, की त्या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घसरलं. २० सप्टेंबरला राज्यसभेत शेतीची विधेयकं गदारोळात मंजूर झाली. आणि २३ सप्टेंबरला आमचे बेळगावचे खासदार, रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी, दिल्लीत कोरोनानं गेले. चार वेळा निवडून आलेला माणूस. पदावर असताना या आजारानं गेलेले ते पहिले केंद्रीय मंत्री. अंत्यसंस्कारही दिल्लीतच झाले. गावाला शेवटचं दर्शन नाही. कित्तूरमार्गे धारवाडच्या रेल्वेचं काय होणार, हे गावातलं प्रत्येक माणूस विचारत होतं. हिंदी वाहिन्यांवर ही बातमी आली, थोडा वेळ थांबली आणि खालच्या पट्टीत सरकली. वर पुन्हा तेच, कारण त्याच दिवशी आणखी एका मोठ्या नटीला चौकशीचं बोलावणं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गोव्याहून मुंबईला आली, तर कॅमेरे तिच्या गाडीमागं. केंद्रीय मंत्री ज्या आजारानं गेला, त्यावर आमच्या जिल्ह्यातल्या दवाखान्यांत काय तयारी आहे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत. अनर्थदंड म्हणजे कामाशिवाय, उगाच केलेलं पाप. त्यात एक आहे दुःश्रुती, म्हणजे राग, द्वेष, मद यांनी मन गढूळ करणाऱ्या गोष्टी ऐकत बसणं. दुसरं अपध्यान, म्हणजे द्वेषापोटी दुसऱ्याला बंधन व्हावं, त्याचा घात व्हावा असं चिंतत राहणं. समंतभद्राचार्यांसमोर टीव्ही नव्हता. पण 'अटक कधी?' अशी पट्टी खाली फिरत असताना देशभरची माणसं एका अनोळखी मुलीच्या बेडीची वाट बघत बसली, याला दुसरं नाव सापडत नाही. त्या वर्षी दशलक्षण पर्व २३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर होतं. साथीमुळं सगळे घरात. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. आणि घरोघरी टीव्हीवर दुसऱ्याचे खासगी संदेश मोठ्यानं वाचले जात होते.

वाहिन्यांचं उत्तर ठरलेलं आहे: लोकांना हेच हवं असतं. कोणते लोक? २०२० मध्ये टीव्हीचा टीआरपी ठरत होता तो देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून. शिवाय तीनही भाषांत एकच ताट वाढून 'लोक हेच जेवतात' म्हणणं हा काही पुरावा नव्हे.

मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ ला याबद्दल स्पष्ट निकाल दिला. हे दाद मागणारे काही निवृत्त पोलीस अधिकारीही होते, हे लक्षात घ्या. तपास चालू असताना वाहिन्यांनी समांतर खटला चालवू नये, आत्महत्येच्या बातमीत गेलेल्याला दुबळ्या मनाचा ठरवू नये, साक्षीदारांच्या जबाबांची चिरफाड करू नये, असं न्यायालयानं बजावलं. दोन वाहिन्यांचं वार्तांकन सकृद्दर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं होतं असंही म्हटलं, पण कारवाई केली नाही. आत्महत्येची बातमी ठळक करून वारंवार देऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षं सांगते आहे. नियम नव्हते असं नाही. ते पाळले नाहीत, इतकंच.

मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. त्यात घातपाताचा पुरावा मिळाला नसल्याचं सांगितल्याच्या बातम्या आल्या. जी गोष्ट चार महिने रोज सांगितली, तिचा शेवट किती वेळ दाखवला? एखाद-दोन दिवस. संशय पेरायला शेकडो तास मिळाले, तो उपटायला काही मिनिटं. ज्या घरांत ते वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय शिरलं, तिथं ते अजून तसंच आहे.

म्हणून मी घरातल्या मुलींना एक साधं माप देते. बातम्या अर्धा तास बघा आणि टीव्ही बंद करून एकमेकींना विचारा, आज नवं काय कळलं? एक तरी गोष्ट सांगता आली तर ती बातमी होती. सांगता आली नाही आणि तरी कुणाचा तरी राग मनात भरून उठलो असलो, तर आपल्याला बातमी मिळालीच नाही. आपल्या हातात दगड दिला गेला. तो खाली ठेवायचा.