धुके आणि भाकरी

महाबळेश्वरावरचे जे मराठी ललित लेखन माझ्या वाचनात आले, त्यात धुके फार आहे. संध्याकाळी लेखक बॉम्बे पॉइंटवर उभा राहतो, सूर्य दरीत बुडतो आणि त्याला अनंताची चाहूल लागते. खाण्यापिण्याची पाळी आली की स्ट्रॉबेरी-क्रीमचा एक पेला, भाजलेले कणीस, पुडीतले गरम चणे. एवढ्यावर परिच्छेद उरकतो. माझी तक्रार जिभेची नाही, वाङ्मयीन आहे.

मराठी लेखकाला जेवणाचे वावडे आहे असे म्हणावे, तर ‘हसवणूक’मधले (१९६८) पु. ल. देशपांड्यांचे ‘माझे खाद्यजीवन’ आड येते. भाषा आहे, रसनाही आहे. मग घाट चढताच ती जाते कुठे? मला वाटते, आपण डोंगरावर जातच नाही; आपण पॉइंटावर जातो. १८२८-२९च्या सुमारास जॉन माल्कमच्या पुढाकाराने हे ठाणे वसले, ते गोऱ्या साहेबांच्या प्रकृतीसाठी. आर्थर, केट, एल्फिन्स्टन ही नावे त्यांची. कुठे उभे राहायचे आणि कुठे पाहायचे, हेही त्यांनीच ठरवले. आपले गद्य अजून त्याच कठड्याला टेकून उभे आहे. कठड्यावरून धुके दिसते, चूल दिसत नाही.

साहेबाबरोबर आलेल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. लेखांत मात्र ती लाली म्हणूनच येते. तिचे झाड वीतभर उंचीचे. फळ खुडायचे तर दिवसभर ओणवे राहावे लागते. हे ओणवे शरीर वाक्यात आले असते, तर त्या लालीला काही वजन आले असते. मधाचेही तसेच. बाटलीवर ‘जांभूळ’ किंवा ‘हिरडा’ असे लिहिलेले असते, म्हणजे जंगलाचा पत्ताच दिलेला असतो; आमचा लेखक ‘मधुर’ म्हणून मोकळा होतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. तिच्या फुलांवर मात्र लेख निघतात, कारण ती कठड्यावरून दिसतात! तिच्याच काठ्यांच्या कुडाआड जे शिजते, त्यावर कोणी ओळ खर्ची घातलेली माझ्या पाहण्यात नाही.

हे मी अधिकाराने लिहितो, कारण असा एक लेख माझ्याही नावावर आहे. एका श्रावणात पावसाने गाठले म्हणून रस्ता सोडून खालच्या वाडीत शिरलो. कारवीचा कूड, शेणाने लिंपलेला, आत धूर. घरच्या मावशींनी काही न विचारता पाट दिला. नाचणीची भाकरी, कुरडूची भाजी, वर गुळाचा कोरा चहा. भाकरी काळसर, काठाला चिरलेली आणि इतकी गरम, की बोटे फुंकीत मी दोन खाल्ल्या. ती नाचणी समोरच्या उतारावरच्या वरकस जमिनीतली होती. रोपे करायची आणि भर पावसात लावायची, असे त्यांनी सांगितले. मी वहीत काहीतरी टिपतो आहे हे पाहून त्या म्हणाल्या,

“पाव्हणं, पेपरात लिवता न्हवं? मग आमच्या वाडीला रस्ता न्हाई, त्येवढं लिवा.”

मी मान डोलावली.

या लेखाच्या निमित्ताने ते जुने कात्रण काढून पाहिले. धुके आहे. पावसाची लय आहे. त्या लयीवर मी दीड स्तंभ खर्च केला आहे आणि तो भाग, खोटे कशाला बोलू, आजही बरा वाटतो. भाकरी नाही, मावशी नाहीत, रस्त्याचा उल्लेख नाही. त्यांच्या वाडीची ती दरी जिथे येते, तिथे मी तिला एकच विशेषण लावले आहे: ‘निर्मनुष्य’.