बॉम जीझसचा लाल रंग

गोव्याला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबाच्या फोटोंत बॉम जीझस बॅसिलिकेसमोर काढलेला एखादा फोटो बहुधा असतोच. मागे उघड्या जांभ्याची तांबूस, खडबडीत भिंत दिसते. समोरचे से कॅथेड्रल पांढरे आणि हे लाल, म्हणून हेच अधिक जुने, अधिक अस्सल असे पाहणाऱ्याला वाटते. या लेखात मला त्या समजुतीची तपासणी करायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: हा लाल रंग चर्च बांधणाऱ्यांचा नाही. तो सत्तरएक वर्षांपूर्वी आला आणि त्याची किंमत चर्चच्या भिंती दर पावसाळ्यात मोजत आहेत.

आधी बांधकामाचा इतिहास पाहू. जुन्या गोव्यातील जेझुइटांचे निवासगृह आधीच उभे होते. त्याला जोडून या चर्चची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली. खर्चाचा मोठा भाग जेरोनिमो मास्करेन्यश या कोचीन व होर्मुझच्या कप्तानाने मागे ठेवलेल्या देणगीतून आला. तो १५९३ मध्ये वारला, त्याचे स्मारक आजही चर्चच्या आत आहे. १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशू द मेनेझिश यांच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. आराखड्याशी दोमिंगुश फर्नांदिश आणि जुलिओ सिमांव यांची नावे जोडली जातात.

जेझुइटांच्या रोममधील मुख्य चर्चचा, इल जेझूचा, अभिषेक १५८४ मध्ये झाला होता. बॉम जीझस त्याची नक्कल असल्याचे काही ठिकाणी वाचायला मिळते. दोन्ही दर्शनी भाग शेजारी ठेवून पाहिले तर हे टिकत नाही. रोममधला दर्शनी भाग दोन मजल्यांचा आहे. गोव्यातला उंच चढत जातो: खाली तीन दरवाजे, त्यांवर तीन मोठ्या खिडक्या, त्यांवर तीन गोल झरोके आणि सर्वांत वर जेझुइटांची मुद्रा कोरलेला शिरोभाग. रोमच्या चर्चवर घुमट आहे, इथे नाही. एकच लांब दालन आणि त्याच्या टोकाला वेदी, एवढाच साधा आराखडा आहे.

म्हणून या चर्चला सरसकट ‘बरोक’ म्हणणेही पुरते बरोबर नाही. दर्शनी भागाची शिस्त उत्तर-रेनेसान्स काळातली आहे. खरे बरोक नंतर, आतून आले. फ्रान्सिस झेवियर यांना १६२२ मध्ये संतपद मिळाले आणि त्यांचे शव या चर्चमध्ये आल्यावर चर्चचे महत्त्वच बदलले. शव ठेवलेली चांदीची पेटी सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी घडवली. तिच्याखालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बत्तिस्ता फोज्जिनीची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने ती भेट दिली आणि १६९८ मध्ये ती इथे उभारली गेली. मुख्य वेदीमागचा सोनेरी पडदा पांढऱ्या भिंतींमध्ये उभा असल्यामुळेच एवढा झळकतो.

आता बाहेरच्या भिंती. मी वास्तुविद्या कॉलेजात शिकलो नाही, पण कोकणात चिऱ्याची घरे बघतच मोठा झालो. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागल्यावर कडक होतो. त्याला भोके असतात, भोकांत माती असते आणि पावसात ती माती वाहून जाते. त्यावर बारीक नक्षी होत नाही. बॉम जीझसच्या गवंड्यांना हे ठाऊक होते. म्हणून भिंतीचे अंग त्यांनी जांभ्याचे केले, आणि स्तंभ, चौकटी, कोरीव मुद्रा यांसाठी काळा दगड वसईहून आणवला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती. उत्तर कोकणातला पाषाण एवढ्या लांब आणायचा आणि तांबड्या-काळपट जांभ्यावर बसवायचा, जिथे तो धड उठूनही दिसत नाही, हा व्यवहार मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत या भिंतींवर चुन्याचा गिलावा दिसतो. पांढऱ्या गिलाव्यावर काळे स्तंभ मनात उभे करून पाहावेत, म्हणजे वसईचा दगड का आणवला ते कळते. अंग जांभ्याचे, कातडी चुन्याची आणि रेषा काळ्या दगडाची, अशी ती तीन पदार्थांची रचना होती.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्तझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने बाहेरचा गिलावा उतरवला. पोर्तुगालमध्ये सरकारी स्मारकखात्यात त्याने जुन्या चर्चांवरचे नंतरचे थर काढून मूळ दगड दाखवण्याचे काम केले होते. तिथल्या ग्रॅनाइटला ते सोसते. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जांभ्याला सोसत नाही. शिवाय ‘मूळ’ म्हणून जे उघडे केले ते बांधणाऱ्यांनी झाकण्यासाठीच बांधले होते.

गिलावा पुन्हा चढवावा काय, यावर गोव्यात दोन मते आहेत. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. दोन-तीन पिढ्यांनी ‘गोंयच्या सायबा’चे चर्च लालच पाहिले आहे. त्यांच्या प्रार्थना, लग्ने, शवप्रदर्शनाच्या रांगा या लाल भिंतीपुढेच झाल्या. स्मारकाचा इतिहास १६०५ ला संपत नाही, हे मलाही मान्य आहे. फोज्जिनीची समाधी नंतरची आहे म्हणून ती कोणी काढणार नाही. पण समाधीने चर्चमध्ये भर घातली. गिलावा उतरवल्याने भिंतीचे संरक्षण गेले. हा फरक मला निर्णायक वाटतो. चुना चढवला आणि नकोसा झाला तर काढता येतो. झिजून गेलेला चिरा परत येत नाही.

दुसरी भीती कामाच्या दर्जाची आहे आणि ती खरी आहे. सिमेंट वापरले तर ओल आत कोंडेल. त्यामुळे चुनाच हवा, तो मुरवून लावणारे गवंडी हवेत, आणि सुरुवात बाजूच्या व मागच्या भिंतींपासून व्हावी. तिथला चुना चार-पाच पावसाळे कसा टिकतो ते पाहून मग दर्शनी भागाला हात घालावा. तोवर लोकांनाही पांढऱ्या भिंतीची सवय होईल.

कोकणात पाऊस जवळ आला की उघड्या भिंतींना झावळ्यांचे आडोसे बांधत. घराची शोभा त्याने चार महिने झाकली जाई, पण भिंत वाचे. बॉम जीझसच्या बाबतीत चुन्याने शोभा झाकली जाणार नाही, उलट वसईच्या दगडाची कोरीव कामे पुन्हा दिसू लागतील. पुढच्या वेळी जुन्या गोव्यात गेलात तर फोटो काढण्याआधी भिंतीजवळ जाऊन त्या काळ्या स्तंभांकडे जरूर पाहा.