गाणं संपलं, पात्र कुठे पोचलं?

ॲनिमेशनपटांतल्या गाण्यांची क्रमवारी लावायची म्हटलं, की दोन निकष हमखास पुढे येतात. ऑस्कर कोणाला मिळालं आणि लोकांच्या ओठांवर कोणतं गाणं राहिलं. दोन्ही निकष अपुरे आहेत. १९९२च्या ‘अलादीन’मधल्या ‘अ होल न्यू वर्ल्ड’ला ऑस्कर मिळालं आणि ते अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावरही पोचलं. गाणं सुरेल आहे, गालिच्यावरची ती सफर डोळ्यांचं पारणं फेडते. पण अलादीन राजपुत्र असल्याचं सोंग घेऊन गालिच्यावर बसतो आणि सोंग घेऊनच उतरतो. सफर होते, खोटं मात्र जागच्या जागी राहतं.

माझी कसोटी वेगळी आहे. गाणं सुरू होताना पात्र जिथे उभं असतं, गाणं संपताना ते तिथे असता कामा नये. आणि जिथे पोचलं असेल, तिथून त्याला सहज परतता येऊ नये. गाणं कापून टाकलं तर कथा लंगडी व्हायला हवी. मराठी रसिकाला ही कसोटी परकी नाही. किर्लोस्करांच्या काळातल्या संगीत नाटकांतली छोटी पदं संवादाच्या ओघातून उगवत आणि प्रसंग पुढे नेत. पुढे ‘वन्स मोअर’ वाढत गेले, पदांच्या मैफली झाल्या. नाटक तेवढा वेळ थांबून राहतं, ही तक्रार आपल्याकडे गेली शंभर वर्षं होत आली आहे. गाण्याने नाटक थांबवायचं की हाकायचं, हाच प्रश्न अमेरिकी ॲनिमेशनपटांनाही विचारायला हवा.

१९३७च्या ‘स्नो व्हाइट’पासून डिस्नेने गाणी कथेत गुंफली. पण सुरुवातीच्या कितीतरी उत्तम गाण्यांचं काम वातावरण उभं करण्याचं होतं. ‘पिनोकिओ’चं (१९४०) ‘व्हेन यू विश अपॉन अ स्टार’ हे डिस्नेला ऑस्कर मिळवून देणारं पहिलं गाणं. ते श्रेयनामावलीवर येतं, आपल्याला कथेच्या दारापर्यंत सोडतं आणि बाहेरच थांबतं. १९६७च्या ‘द जंगल बुक’मधलं टेरी गिल्किसन यांचं ‘बेअर नेसेसिटीज’ बल्लूचं सगळं तत्त्वज्ञान काही मिनिटांत सांगतं. ते ऐकताना आजही अंग डोलतं. पण बल्लू आधी जसा असतो तसाच नंतरही असतो. ही गाणी थोर आहेत, मात्र माझ्या पहिल्या पाचांत बसत नाहीत.

पाचव्या क्रमांकावर ‘फ्रोझन’मधलं (२०१३) ‘लेट इट गो’. रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ यांनी ते लिहिलं तेव्हा एल्सा ही कथेतली खलनायिका होती. गाणं ऐकल्यावर चित्रपटकर्त्यांना कळून चुकलं, की असं गाणारी मुलगी दुष्ट असू शकत नाही. पटकथाच नव्याने लिहावी लागली. कथा वाकवण्याची एवढी ताकद फार थोड्या गाण्यांत असते. पण लोकांनी या गाण्याला मुक्तीचं गीत करून टाकलं आणि त्याची दुसरी बाजू दृष्टीआड झाली. शेवटचा क्षण नीट पाहा. एल्सा गच्चीवर येते, उगवतीच्या उजेडात उभी राहते, मग पाठ फिरवून आत जाते आणि दारं धाडकन लागतात. दारं आपल्या तोंडावर लागतात. ती मोकळी झाली आहे आणि त्याच क्षणी एकटीही पडली आहे. खाली तिचं राज्य गोठतं आहे, याची तिला कल्पना नाही. ही दुहेरी गुंफण गाण्याला मोठं करते. तरी ते पाचवं, कारण चालीचा जल्लोष इतका दणदणीत आहे की त्या बंद दाराचा अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

चौथा क्रमांक अनेकांना खटकेल. ‘मुलान’मधलं (१९९८) ‘अ गर्ल वर्थ फायटिंग फॉर’. मॅथ्यू वाइल्डर यांची चाल, डेव्हिड झिपेल यांचे शब्द. वरवर ते हलकंफुलकं कूचगीत आहे. थकलेले शिपाई आपापल्या स्वप्नातल्या मुलीची वर्णनं करत चालले आहेत. पुरुषाच्या वेषातली मुलान डोकं असलेल्या मुलीचं नाव काढते, तर तिला उडवून लावतात. बर्फाची खिंड येते, आवाज टिपेला पोचतात आणि ओळ अर्ध्यात तुटते. समोर जळून राख झालेलं गाव. गाण्याला शेवट नाही, समेवर येणं नाही. पुढे एका आधीच्या गाण्याची छोटी पुनरावृत्ती सोडली, तर कथा संपेपर्यंत कोणी नवं गाणं गात नाही. युद्धाने गाणंच संपवलं, हे सांगायला एकही संवाद लागत नाही. त्याच चित्रपटातलं ‘आय विल मेक अ मॅन आउट ऑफ यू’ जास्त लोकप्रिय आहे, जोरकसही आहे. पण गाणं मध्येच तोडून एवढा अर्थ काढणं हे वरच्या दर्जाचं काम आहे.

तिसरं ‘हेलफायर’, ‘द हंचबॅक ऑफ नोत्र दाम’मधलं (१९९६). संगीत ॲलन मेंकन यांचं, शब्द स्टीफन श्वार्ट्झ यांचे, आवाज टोनी जे यांचा. या गाण्याच्या लगेच आधी क्वासिमोदो घंटाघरात प्रेमाचं कोवळं स्वप्न गातो. मग त्याच शहरात, त्याच रात्री, त्याच मुलीच्या विचाराने न्यायाधीश फ्रोलो पेटतो. सुरुवातीला तो मेरी मातेला आपल्या पावित्र्याची ग्वाही देतो. नंतर शेकोटीच्या ज्वाळांत त्याला एस्मेराल्डा दिसू लागते. भिंतीएवढ्या उंच, लाल झगे घातलेल्या आकृत्या त्याच्याभोवती उभ्या राहतात. फ्रोलो म्हणतो, दोष माझा नाही. त्या आकृत्या लॅटिनमध्ये पापाचा कबुलीजबाब म्हणत राहतात, दोष माझाच. तो नाकारतो आणि समूहस्वर त्याच्याच वतीने कबूल करतो. एका माणसाच्या मनातला खटला असा दोन आवाजांत ऐकू येतो. गाण्याच्या मध्यावर दार वाजतं, एस्मेराल्डा निसटल्याची बातमी येते आणि फ्रोलोचा निर्णय होतो: ती माझी होईल, नाहीतर जळेल. पुढची सगळी जाळपोळ या निर्णयातून निघते. वासना, श्रद्धा आणि सत्ता यांचं हे मिश्रण मुलांच्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्रपटात इतक्या प्रामाणिकपणे पुन्हा आलेलं नाही.

दुसरं ‘कोको’मधलं (२०१७) ‘रिमेंबर मी’, पुन्हा लोपेझ दांपत्याचंच. एकच गाणं, पण ते कोण गातो आणि कोणासाठी गातो यावर त्याचा अर्थ फिरतो. एर्नेस्तो दे ला क्रूस ते भव्य रंगमंचावर, नर्तिकांच्या गराड्यात गातो. तिथे ते प्रसिद्धीला हपापलेल्या माणसाचं गाणं वाटतं. नंतर कळतं, की ते हेक्तोरने आपल्या चिमुकल्या मुलीसाठी रचलं होतं. तो गिटारवर ते हळुवार गातो आणि तेच शब्द बापाची विनवणी होतात. शेवटी मिगेल ते पणजीला ऐकवतो. काहीच आठवत नसलेली ती वृद्धा बोटांनी ठेका धरते आणि आपल्या बापाचं गाणं गाऊ लागते. या कथेत मृताची आठवण पुसली गेली की तो मृतांच्या जगातूनही नाहीसा होतो. म्हणजे हे गाणं एकाच वेळी चोरीचा पुरावा आहे, वारसा आहे आणि एका माणसाचं अस्तित्व टिकवण्याचा शेवटचा उपायही आहे. एवढ्या साध्या चालीवर एवढा भार टाकून ती वाकत नाही, हे लेखनाचं यश आहे.

आणि पहिलं, ‘द लिटल मर्मेड’मधलं (१९८९) ‘पार्ट ऑफ युअर वर्ल्ड’. शब्द हॉवर्ड ॲशमन यांचे, संगीत मेंकन यांचं, आवाज जोडी बेन्सन यांचा. एरियल आपल्या गुहेत माणसांच्या वस्तूंचा खजिना दाखवत गाऊ लागते. सुरुवातीच्या ओळी जवळजवळ बोलल्यासारख्या आहेत, ती शब्द शोधत अडखळते. जसजशी यादी वाढते, तसतसं तिला उमगतं की वस्तू गोळा करून ते जग आपलं होत नाही. गाण्याच्या आरंभी तिच्याकडे सगळं आहे, शेवटी काहीच उरलेलं नाही. गुहेच्या छतातून येणाऱ्या उजेडाकडे तिचा हात जातो आणि ती पुन्हा खाली येते. राजपुत्र एरिक तिला अजून भेटलेलाही नाही. तिची ओढ प्रेमाच्या आधीची आहे, हे या गाण्यामुळेच कळतं.

हे गाणं कापलं जाणार होतं. चाचणी खेळात मुलं चुळबुळ करताना दिसली आणि स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅट्झनबर्ग यांनी ते काढायचं ठरवलं. ॲशमन आणि त्यांचे सहकारी अडून बसले म्हणून ते वाचलं. ते गेलं असतं तर चित्रपटाचा कणाच मोडला असता. पुढे समुद्रातली चेटकीण सौद्यात एरियलचा आवाजच मागते. तो आवाज आपण आधी ऐकलेला नसता, त्यावर जीव जडलेला नसता, तर त्याच्या जाण्याचं दुःख आपल्याला झालं नसतं. सौद्याची किंमत आधी प्रेक्षकाच्या मनात रुजवणारं दुसरं गाणं मला ठाऊक नाही.

ॲशमन या चित्रपटाचे केवळ गीतकार नव्हते, निर्मातेही होते. सेबॅस्टियन हा खेकडा जमैकन असावा ही सूचना त्यांची. त्यातूनच ‘अंडर द सी’चा कॅलिप्सो ठेका आला. ‘ब्युटी अँड द बीस्ट’च्या वेळी ते एड्सने आजारी होते. चित्रपटाची मंडळी बैठकांसाठी त्यांच्या घराजवळ, न्यूयॉर्क राज्यातल्या फिशकिलला जात. १४ मार्च १९९१ रोजी, वयाच्या ४०व्या वर्षी ते गेले. तो चित्रपट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा पहिला ॲनिमेशनपट ठरला.

माझ्या पाचही गाण्यांचे गीतकार रंगभूमीवरून आलेले आहेत. ॲशमन ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’चे, श्वार्ट्झ ‘गॉडस्पेल’चे, झिपेल ‘सिटी ऑफ एंजल्स’चे, रॉबर्ट लोपेझ ‘ॲव्हेन्यू क्यू’चे. रंगभूमीवर गाणं प्रसंगाला उपयोगी पडलं नाही, तर तालमीतच कापलं जातं. ती शिस्त या मंडळींच्या हाडांत मुरलेली आहे.

आज ती शिस्त ढिली पडते आहे, याची मला खरी काळजी वाटते. डिस्नेच्या शताब्दीला, २०२३ साली आलेल्या ‘विश’ची गाणी पॉप संगीतातल्या कसलेल्या लेखकांची आहेत. ती रेडिओवर शोभतील. पण नायिकेला नेमकं काय हवं आहे हे तिच्या मुख्य गाण्यातून कळत नाही. खलनायक राजाचं गाणं त्याच्या दुष्टपणाचा थांग लागू देत नाही. ‘एन्कांटो’चं (२०२१) ‘वी डोन्ट टॉक अबाउट ब्रुनो’ रंगभूमीच्या लिन-मॅन्युएल मिरांडांचं आहे. प्रत्येक नातेवाइकाला वेगळा ठेका देऊन शेवटी सगळे आवाज एकावर एक रचायचे, ही कारागिरी थक्क करते. पाच आठवडे ते बिलबोर्डवर पहिलं राहिलं. पण त्यात माहिती मिळते, निर्णय होत नाही. म्हणून ते सहावं.

आशेची जागाही आहे. २०२५च्या ‘केपॉप डीमन हंटर्स’मधलं ‘गोल्डन’ पॉप गाणंच आहे आणि बिलबोर्डवर पहिलंही आलं. पण त्यात नायिका रूमी आता लपणार नाही असं गाते, आणि त्याच वेळी अंगावरच्या राक्षसी खुणा जिवलग मैत्रिणींपासून लपवते आहे. तालमीत नेमक्या वरच्या सुरावर तिचा आवाज फाटतो. शेवटच्या गाण्यात ती खुणा उघड्या ठेवून गाते, तेव्हा तिचं खोटं सुटलेलं असतं. अलादीनला गालिच्यावर जे जमलं नाही, ते इथे घडतं. म्हणजे दोष पॉप संगीताचा नाही. गाणं कथेच्या बाहेर बसून लिहिण्याचा आहे.

स्टुडिओंनी एक गोष्ट केली तर ही कला पुन्हा सावरेल. पटकथेचा पहिला कागद लिहिला जात असताना गीतकाराला त्या टेबलावर खुर्ची द्यावी, आणि कथा चुकते आहे असं तो म्हणाला तर त्याचं ऐकावं. ॲशमनना ही खुर्ची मिळाली, लोपेझ दांपत्याच्या गाण्यापुढे अख्खी पटकथा झुकली, आणि दोन्ही वेळा चित्रपट तरले. आपण प्रेक्षकांनीही पुढच्या ॲनिमेशनपटातून बाहेर पडताना कोणतं गाणं तोंडात बसलं एवढंच विचारून थांबू नये. कोणत्या गाण्याने कोणाचं काय बदललं, हेही विचारावं. ज्या गाण्याकडे याचं उत्तर असेल, त्याला यादीत वरची जागा द्यावी, मग त्याची चाल लगेच गुणगुणता आली नाही तरी चालेल.